घर पाडायच्या आधी एकदा वाचू या



आमच्या नेसरी भागातल्या कुठल्याही शाळेत जा आणि चौथीच्या वर्गाला विचारा, "२४ फेब्रुवारी १६७४ ला काय झालं?" निम्मा वर्ग हात वर करेल. सरनोबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही वीर धारातीर्थी पडले, हे इथल्या पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आता त्याच वर्गाला दुसरा प्रश्न विचारा. "तू राहतोस ते घर कधी बांधलं? कुणी बांधलं?" वर्ग गप्प होतो.

मुलांना तरी काय म्हणायचं? मी स्वतः इतिहास शिकवतो, आणि आमचं जुनं घर बारा वर्षांपूर्वी पाडलं तेव्हा त्याचं एक मापसुद्धा मी घेऊन ठेवलं नाही. सकाळी जेसीबी आला, दुपारपर्यंत माती ट्रॉलीत भरून गेली. आज माझा भाऊ म्हणतो दिव्याची देवळी दाराच्या उजव्या बाजूला होती, मी म्हणतो डाव्या. फोटो आहे तो एका लग्नातला. त्यात एक खांब आणि अर्धं दार दिसतं. आजी तेव्हा हयात होती, तिला विचारता आलं असतं. विचारलं नाही.

नवं घर बांधलं याचं मला वाईट वाटत नाही. जुनं न बघता पाडलं याचं वाटतं. तुमच्या गावात, तुमच्या वर्गातल्या कुणाच्या तरी घरात ही वेळ येत्या उन्हाळ्यात येणारच आहे. म्हणून आज आपण शेतकऱ्याचं जुनं घर वाचायला शिकू या. घर कसं बांधलेलं असतं, त्यात पिढ्यान् पिढ्या बदल कसे होतात, ते कशावरून ओळखायचे आणि कुठला बदल घराला मानवतो, कुठला मारतो, हे सगळं मुलांना समजेल अशा भाषेत बघू.

आधी मूळ घर समजून घेऊ

गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागातलं शेतकऱ्याचं जुनं घर ढोबळमानानं असं असतं.

खाली दगडी जोतं. आजरा-चंदगडकडे जांभा दगड मिळतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो आणि हवेत राहिला की टणक होतो. काही ठिकाणी जोत्याला काळा दगड दिसेल. जोत्याचं काम एकच : पावसाचं आणि जमिनीचं पाणी मातीच्या भिंतीपासून लांब ठेवायचं.

त्यावर दीड-दोन हात रुंदीची मातीची भिंत. चिखल तुडवून केलेले, उन्हात वाळवलेले भेंडे एकावर एक रचायचे आणि वरून माती, शेण, भाताचं तूस यांचा गिलावा करायचा. आपले जुने लोक शेताला 'काळी' म्हणायचे आणि गावठाणाला 'पांढरी'. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. घराची भिंतही बहुतेक वेळा पांढरीच्याच मातीची. घर पडलं तर तीच माती पुन्हा भिजवून पुन्हा भिंत उभी राहायची.

भिंतीच्या आत लाकडाचा सांगाडा : खांब, खांबांवर तुळया, सर्वांत वर आढं, आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे आणि वाशांवर कौलं. पुष्कळदा छपराचा बराचसा भार या सांगाड्यावर असतो. म्हणून कधी कधी भिंत ढासळली तरी छप्पर जागेवर उभं राहिलेलं दिसतं.

आत शिरलं की पुढे सोपा. पाहुणे, पावणेर, धान्याची पोती, शेतीची अवजारं सगळं इथं. मग माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर आणि देव. एका बाजूला गोठा, तो बाकीच्या घरापेक्षा जरा खालच्या पातळीवर, म्हणजे मूत आणि पाणी घरात न येता बाहेर वाहून जातं. वर माळा. मागं परडं, तिथं शेणी, वैरणीची गंज आणि न्हाणी.

गोठा घरातच का, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर सरळ आहे. बैलजोडी ही घरातली सर्वांत मोलाची वस्तू. ती चोरीला जाऊ नये, पावसात भिजू नये आणि रात्री गाय अडली तर लगेच कळावं, म्हणून जनावर नजरेसमोर.

घराचं व्याकरण : खण

वाक्य जसं शब्दांनी मोजतो तसं जुनं घर 'खणां'नी मोजायचे. दोन खांबांमधली, म्हणजेच दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. "आमचं पाच खणी घर" असं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेल.

घर वाचायला बसलात की पहिलं काम हेच : खांब मोजा आणि त्यांच्यामधली अंतरं मोजा. सगळी अंतरं साधारण सारखी आहेत आणि शेवटचा खण एकदम लहान किंवा मोठा आहे? तिथलं लाकूड वेगळं आहे, खांबाची घडण वेगळी आहे? तर तो खण बहुधा मागाहून जोडलेला. एखाद्या तुळईत रिकामी खाच दिसते, पण खाचेत काहीच बसलेलं नाही? तिथं पूर्वी काहीतरी होतं आणि ते काढलं, किंवा ती तुळईच दुसऱ्या जुन्या घरातून आणलेली आहे. जुनं लाकूड आपल्याकडे सहसा फेकत नाहीत.

गंमत म्हणजे सातासमुद्रापलीकडे इंग्लंडमधली जुनी शेतघरंसुद्धा अशीच खणांनी मोजतात.

इंग्लंडच्या शेतकऱ्याचं घर

मुलांना वाटतं इंग्लंडचा शेतकरी पहिल्यापासून टुमदार दुमजली बंगल्यात राहत असणार. तसं अजिबात नव्हतं.

डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं उंच, पावसाळी पठार आहे. तिथं 'लाँगहाऊस' म्हणजे लांब घर नावाचा प्रकार दिसतो. एकच लांबट घर, उतारावर बांधलेलं. वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला जनावरं, मध्ये आडवी वाट. शेण-मूत वाहून जावं म्हणून गोठा उताराच्या बाजूला. वाचताना आपलंच घर डोळ्यांसमोर येतं की नाही? पाऊस, थंडी आणि जनावरांची काळजी या अडचणी सारख्या, म्हणून उत्तरही पुष्कळसं सारखं.

दुसरं उदाहरण केंट परगण्यातलं. 'बेलीफ' नावाचं एक लाकडी सांगाड्याचं शेतघर. त्याच्या लाकडातली वर्षवलयं मोजून तज्ज्ञांनी काळ ठरवला : मुख्य भाग १४०५ ते १४३० च्या दरम्यानचा आणि एका टोकाचा खण १५०५ ते १५१० च्या सुमाराचा. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी घराला जोड दिली. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथं जलाशय होणार होता आणि हे घर त्या जागेत येत होतं. तेव्हा त्याचा एकेक वासा उतरवून, नोंद करून, ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड या खुल्या संग्रहालयात ते पुन्हा उभं केलं. धरणात गाव गेलेली माणसं आपल्या जिल्ह्यातही आहेत. त्यांच्यासोबत त्यांची घरं अशी जपून गेली नाहीत, हा विचार हे वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

या घरांच्या मधोमध एक मोठी, थेट छपरापर्यंत उघडी खोली असायची आणि तिच्या जमिनीवर आगटी. धुराडं नाही. धूर वर चढून छपरातून वाट काढायचा. सोळाव्या-सतराव्या शतकात शेतकऱ्याच्या हातात पैसा आला तशी त्यानं घरं बदलायला घेतली : विटांचं धुराडं बांधलं, आणि धूर एका जागी कोंडल्यावर त्या उंच खोलीत मध्येच तक्तपोशी घालून वरचा मजला काढला. विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्र्यानं १५७७ साली लिहून ठेवलं आहे की त्याच्या गावातली म्हातारी माणसं त्यांच्या हयातीत धुराडी किती वाढली याचं नवल करायची. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकारानं १९५३ साली या काळाला 'मोठी पुनर्बांधणी' असं नाव दिलं आणि १५७० ते १६४० हा तिचा जोराचा काळ मानला.

आता मुलांना कोडं घाला. वरचा मजला झाला, धुराडं झालं, भिंतींना गिलावा झाला. मग पूर्वी तिथं उघडी आगटी होती हे चारशे वर्षांनी कसं कळतं? उत्तर माळ्यावर आहे. छपराचे वासे काजळीनं काळेकुट्ट असतात. खालचं सगळं बदललं तरी वरचे वासे कुणी पुसून काढले नाहीत.

ही युक्ती घेऊन आता आपल्या गावात परत येऊ.

आपल्या घरातले बदल कसे ओळखायचे

*काळे वासे.* ज्या खोलीत आज कॉट आणि टीव्ही आहे तिथले वासे काळे आहेत का बघा. असतील तर तिथं कधीतरी चूल होती. गॅस आल्यावर स्वयंपाकघर पुढे-मागे सरकलं. काही घरांत गॅस फार आधी आला, काहींत २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर. तो कधी आला हे घरातली बाई बरोबर सांगेल, कारण तिचे डोळे तेव्हापासून चुरचुरायचे थांबले. एक गोष्ट मात्र मुलांना सांगा. धुरानं डोळे आणि छाती खराब व्हायची हे खरं, पण त्याच धुरानं छपराचं लाकूड कोरडं राहायचं आणि किडीपासून काहीसं वाचायचं. चूल बंद झाल्यावर जुन्या छपराकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. वाळवीची पाहणी दरवर्षी करावी लागते.

*कौलं.* पूर्वी कुंभारानं घडवलेली गावठी कौलं असायची. मांजरं, माकडं, वारा यांनी ती हलायची, म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी घर शाकारावं लागे. मग मंगलोरी कौलं आली. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला यंत्रावर कौलं करायचा कारखाना काढला, पुढे असे कारखाने ठिकठिकाणी झाले. हे कौल एकमेकांत अडकतं, सहसा सरकत नाही. पण त्याला सारख्या अंतरावर सरळ रिपा लागतात. म्हणून कौल बदललं तेव्हा पुष्कळदा वासेही बदलावे लागले. एखादं सुटं कौल पडलेलं असेल तर उलटसुलट करून बघा. कारखान्याचं नाव किंवा गाव उमटवलेलं असतं. मुलांच्या हाती लागणारा हा खराखुरा शिलालेखच!

*मुंबईचा पैसा.* आमच्या तिन्ही तालुक्यांतली असंख्य माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती. पुष्कळ घरांची मंगलोरी कौलं, शहाबादी फरशी, पुढची गजांची खिडकी गिरणीच्या पगारातून आली आहे. १९८२ च्या संपानंतर माणसं गावी परतली, आणि जिथं एक चूल होती तिथं दोन-तीन झाल्या. घरात एखादी आडवी भिंत १९८२ नंतरची निघाली तर आजोबांना विचारा, मुंबईत कुठल्या गिरणीत होता? इतिहासाच्या पुस्तकातला संप त्या भिंतीतून बोलायला लागतो.

*वाटणीची भिंत.* सोप्याच्या मधोमध भिंत, एका अंगाला कौलं आणि दुसऱ्या अंगाला पत्रा किंवा स्लॅब, पण आढं दोघांत मिळून एकच : असं घर दिसलं की समजायचं, भावाभावांत वाटणी झाली. इंग्लंडमध्येही पुढच्या काळात कितीतरी मोठी शेतघरं भिंती घालून मजुरांच्या लहान खोल्यांत वाटली गेली. कारण वेगळं, खूण तीच.

*गोठा.* बैल गेले, ट्रॅक्टर आला. १९६३ साली कोल्हापूर जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, म्हणजे आपला 'गोकुळ' स्थापन झाला आणि पुढे घरोघरी दुधाची जनावरं वाढली. मोठ्या म्हशींना जुना गोठा पुरेना, म्हणून तो परड्यात गेला. घरातल्या जुन्या गोठ्याची खोली झाली. ती आजही एक पायरी खाली असते, आणि तिच्या कोपऱ्यात मोरी कशाला, हे नव्या सुनेला कळत नाही.

*पायऱ्या मोजा.* रस्त्यावरून घरात जायला आज किती पायऱ्या आहेत? आजीला विचारा, तिच्या लग्नात किती होत्या? तीनाच्या दोन, दोनाच्या एक झाली असेल. घर खचलेलं नाही, रस्ता वाढला आहे. दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर पडतो आणि जोतं जमिनीत जातं. जे जोतं पाण्यापासून भिंतीला वाचवायला बांधलं, तेच रस्त्याच्या खाली जातं आणि पावसाचं पाणी उंबऱ्याशी येतं.

एक सावधगिरी मात्र मुलांना जरूर शिकवा. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवायला लोकांनी खिडक्या बुजवल्या. पण म्हणून तिथली प्रत्येक बुजवलेली खिडकी करामुळेच बुजवली असं नाही. काही वाऱ्यामुळे, काही आतून कपाट केलं म्हणून. आपल्याकडेही देवळी बुजवलेली दिसली की लगेच गोष्ट रचायची नाही. आधी विचारायचं, मग लिहायचं.

सिमेंटचा गिलावा : सर्वांत महागात पडणारा बदल

आता पालकांसाठी अत्यंत महत्त्वाचा भाग. ज्यांना जुनं मातीचं घर अजून काही वर्षं वापरायचं आहे, त्यांनी हे नीट वाचा.

पुष्कळ जण म्हणतात, "दरवर्षी सारवायचा ताप नको, एकदाचं सिमेंट मारून टाकू." दोन वर्षं भिंत गुळगुळीत दिसते. तिसऱ्या वर्षी खालून फुगते. चौथ्या वर्षी सिमेंटचा पापुद्रा सुटून येतो आणि मागची माती भिजलेल्या लाडवासारखी ढासळते. लोक म्हणतात मातीच वाईट होती. माती वाईट नव्हती.

मुलांना माठाचं उदाहरण द्या. माठातलं पाणी गार का होतं? माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं आणि बाहेर त्याची वाफ होते म्हणून. त्याच माठाला बाहेरून ऑइल पेंट फासला तर? पाझर बंद, वाफ बंद, गारवा बंद. मातीची भिंतही अशीच आहे. टॉवेलचं टोक बादलीत बुडवलं की पाणी वर चढतं, तसं जमिनीतलं पाणी भिंतीत थोडं थोडं वर चढत असतं. याला केशाकर्षण म्हणतात. माती, शेण किंवा चुन्याचा गिलावा असला की हे पाणी वाऱ्या-उन्हानं उडून जातं. सिमेंटचा थर बसला की उडायची वाट बंद होते. तो थर कडक असल्यानं त्याला बारीक चिरा पडतात आणि चिरांतून पावसाचं पाणी मात्र आत शिरतं. पाणी येतं, जात नाही. वरून घरात चकचकीत फरशी बसवली की जमिनीतली ओल उडायची दुसरी वाटही बंद होते आणि सगळी ओल भिंतीकडे वळते.

हीच चूक इंग्लंडमध्येही झाली. डेव्हनच्या मातीच्या भिंतींना विसाव्या शतकात सिमेंट फासलं आणि भिंती आतून भिजून ढासळल्या. आता तिथले जाणकार सिमेंट काढून पुन्हा चुना लावायला सांगतात.

दुसरा धोका स्लॅबचा. हे गणित पाचवी-सातवीच्या मुलांकडून करून घ्या. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर पाच इंच जाडीचा स्लॅब टाकला तर त्याचं घनफळ साधारण १.१८ घनमीटर. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो धरलं तर पावणेतीन टनांच्या वर वजन होतं. त्याच खोलीवर उताराचं मंगलोरी कौलारू छप्पर असेल तर साधारण १६० कौलं लागतात. एक कौल अडीच किलोचं धरा, ४०० किलो झाले, आणि लाकडाचं वजन वेगळं. जी भिंत कौलांच्या भारासाठी बांधली तिच्यावर त्याच्या कितीतरी पट भार टाकायचा का? जुन्या मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकण्याचा विचार असेल तर आधी जाणकार अभियंत्याला दाखवा, हे मी हात जोडून सांगतो.

मग जुनंच राखायचं का?

नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपल्या जिल्ह्यात मातीची किती घरं बसली ते आपण डोळ्यांनी बघितलं. पुराच्या पाण्यात दोन दिवस उभी राहिलेली मातीची भिंत वाचत नाही. शाकारायला माणूस मिळत नाही, चांगलं लाकूड परवडत नाही, आणि म्हातारपणी दर वर्षी सारवणाऱ्या बाईचे गुडघे कुणी विचारात घेत नाही. पक्क्या घराची इच्छा चुकीची नाही.

इंग्लंडमध्ये जुनी इमारत जपणाऱ्यांची संस्था विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली काढली. तिचा भर एका साध्या गोष्टीवर आहे : इमारत नव्यासारखी चकचकीत करण्यापेक्षा तिची वेळेवर डागडुजी करा. १९४७ च्या कायद्यानंतर तिथं महत्त्वाच्या जुन्या इमारतींची यादी झाली. यादीतलं शेतघर मालकालासुद्धा परवानगीशिवाय पाडता किंवा मनाला येईल तसं बदलता येत नाही. आपल्याकडे किल्ले, मंदिरं, वाडे यांना असं संरक्षण मिळतं, शेतकऱ्याच्या साध्या घराला सहसा मिळत नाही. इथं निर्णय घरच्यांचा. म्हणूनच घरच्यांना आपण काय पाडतोय हे माहीत असायला हवं.

इंग्लंडची 'मोठी पुनर्बांधणी' सोळाव्या-सतराव्या शतकात झाली, आपली आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. हॅरिसननं म्हाताऱ्या माणसांचं बोलणं लिहून ठेवलं म्हणून आज ते कळतं. आपल्या गावच्या म्हाताऱ्यांचं बोलणं कोण लिहून ठेवणार? आपला वर्गच!

वर्गात आणि घरी असं करता येईल

इतिहासाची साधनं शिकवताना आपण भौतिक, लिखित आणि मौखिक असे तीन प्रकार सांगतो. एका घरात तिन्ही सापडतात.

१. भौतिक साधन : स्वतः घर. मुलांनी टेपनं मापं घ्यायची आणि चौकटीच्या कागदावर एका फुटाला एक चौकट धरून नकाशा काढायचा. खांब, दारं, देवळ्या, चूल, पायऱ्या दाखवायच्या. जो भाग मागाहून झालाय असं वाटतं तो वेगळ्या रंगात रंगवायचा.

२. लिखित साधन : घरपट्टीच्या जुन्या पावत्या, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, वीजजोडणीचा कागद, दारावर कोरलेलं साल, कौलावरचं नाव. उताऱ्यात घर कशाचं आहे याची नोंद सापडली तर माती, कौल, स्लॅब हा प्रवास कागदावरच दिसतो.

३. मौखिक साधन : घरातलं सर्वांत जुनं माणूस. प्रश्न सोपे ठेवा. लग्न होऊन आलात तेव्हा चूल कुठं होती? लाइट कधी आली? बाळंतिणीची खोली कुठली? धान्य कशात ठेवायचे? सासरी आलेल्या आजीला घराची आठवण फार बारीक असते, कारण तिनंच ते सारवलेलं असतं.

४. पाडायचं ठरलेल्या घराचे फोटो चारही बाजूंनी, प्रत्येक खोलीचे आणि माळ्याचे. फोटोमागे किंवा वहीत तारीख आणि जागा लिहायची. फोटोत एक माणूस किंवा मोजपट्टी असली की उंचीचा अंदाज येतो.

दोन काळज्या. मोडकळीला आलेल्या घरात मुलांना नेऊ नका, माळ्यावर मोठ्या माणसानंच चढायचं. आणि वाटणीच्या भिंतीबद्दल जपून. हा उपक्रम पहिल्यांदा केला तेव्हा एका मुलीनं वहीत भाबडेपणानं लिहिलं, "ही भिंत काकांनी भांडून घातली." दुसऱ्या दिवशी काका शाळेत! तेव्हापासून मी मुलांना सांगतो, भिंत कधी घातली ते लिहा, का घातली ते घरच्यांनी सांगितलं तरच लिहा. त्या काकांचं पुढं काय झालं तेही सांगतो. चिडून आलेले काका नकाशा बघत बसले, आणि म्हणाले, "इथं एक दार होतं, तुम्ही दाखवलं नाही. आम्ही दोघं भाऊ त्यातनं पळायचो." मुलीनं पेन्सिलीनं ते दार काढलं. आज ते घर नाही. तो नकाशा मुलीच्या घरीही आहे आणि काकांच्या घरीही.

तुमच्या गावात यंदा कुठलं घर पाडणार आहेत ते आजच विचारा. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत एक शनिवार काढा, टेप आणि चौकटीची वही घ्या. दोन तासांचं काम आहे. दिव्याची देवळी उजवीकडे की डावीकडे, एवढं तरी तुमच्या मुलांना भांडावं लागणार नाही.